ओत्तोच्या चुलीचं अस्तर

मी, हिल्क्का तुरुनेन, वय त्र्याऐंशी, राहणार नुर्मेस, गुडघे सोडता सर्व काही शाबूत असताना, कोणीही न सांगता हे लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

कलम एक. घर, तळ्याकाठचं रान आणि सौनाची वाफेची न्हाणी माझी मुलगी मार्केत्ता हिला.

कलम दोन. माझे पती कै. ओत्तो यांची थापी आणि ओळंबा, ज्याला विटांची चूल बांधता येते अशा कोणालाही द्यावा. शेजारचा गवंडी एन्सिओ कितीही मागे लागला तरी त्याला देऊ नये.

कलम तीन. स्वयंपाकघरातली चूल, माणूस आत शिरेल एवढी मोठी, भट्टीसारखी. मार्केत्ता म्हणते, "आई, तिला तडा गेलाय, बाबांचं कामच कच्चं. पाडून टाकू." म्हणून खरं काय ते लिहिते.

ओत्तोने ती १९५४ साली, आमच्या लग्नाच्या वर्षी बांधली. चुलीच्या पोटातलं विटांचं अस्तर वेगळं, बाहेरची भिंत वेगळी. मध्ये पुठ्ठा घालतात. पहिल्या जाळात पुठ्ठा जळतो, फट राहते, आणि तापलेल्या अस्तराला फुगायला जागा मिळते. मला कुठे ठाऊक? ओत्तो लाकूडतोडीला गेलेला, पाहुणे यायचे होते, आणि चुलीच्या तोंडाशी ही फट. नवी नवरी मी, टापटिपीची हौस दांडगी. सिमेंट कालवलं आणि ठासून भरलं. पंधरा दिवसांत बाहेरची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली.

एन्सिओने गावभर केलं की ज्याला स्वतःची चूल धड बांधता येत नाही तो तुमची काय बांधणार. ओत्तोची कामं बंद झाली. परत आल्यावर तो चुलीत शिरला, सिमेंटचा गोळा घेऊन बाहेर आला आणि तो माझ्यापुढे ठेवला. मग एवढंच म्हणाला, "फट मोकळी केलीय. आता पेटव."

मरेपर्यंत छत्तीस वर्षं गाव त्याला हसलं. त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही मिठाची गुळणी धरून बसले. याची मला लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात दिवा घेऊन मी चुलीत शिरले, पाठीवर पडले. अगबाई! मागच्या विटा झिजून निम्म्या उरल्यात, कोपरे ढासळलेत, आणि बर्चच्या लाकडाच्या राखेने त्यांवर हिरवी काच चढवलीय. एवढ्या वर्षांचा जाळ सोसूनही कमानीची एक वीट हललेली नाही. चर्चमध्येही माझे हात असे आपोआप जुळले नव्हते. किती वेळ पडून होते कोण जाणे. शेवटी माझी मैत्रीण लेम्पी हिने पाय धरून बाहेर ओढलं.

कलम चार. माझ्या दफनानंतर सगळे कॉफीला जमतील तेव्हा, सांत्वनपत्रं वाचून झाली की मार्केत्ताने उभं राहून कलम तीन मोठ्याने वाचावं, एकही शब्द गाळू नये. न वाचल्यास कायद्याने तिचा होतो तो अर्धा वाटा सोडून बाकी सगळं चर्चला जावं. चूल ठेवायची की पाडायची, ते तिने आधी आत जाऊन बघावं आणि मग ठरवावं. एन्सिओ तोवर असलाच तर त्याला पुढे बसवावं, त्याला कमी ऐकू येतं.

साक्षीदारांना हे मृत्युपत्र आहे एवढंच सांगितलं. कायद्याला तेवढं पुरतं. मजकूर दाखवला नाही.

नुर्मेस, ९ मार्च २०११
सही: हिल्क्का तुरुनेन

दोघांच्या समक्ष सही झाली:
१. लेम्पी काहोनेन, निवृत्त शिक्षिका
२. एन्सिओ रेइयोनेन, निवृत्त गवंडी