रायीखालची माती

पाली, जि. रत्नागिरी
डिसेंबर १९८८

प्रिय दादा,

तू पत्रात "सर्व ठीक" एवढंच लिहितोस. मालनआत्या मुंबईहून आली आणि म्हणाली, सहदेव जिना चढताना मध्येच कठडा धरून उभा राहतो, गिरणीतल्या कापसाने त्याची छाती भरलीय. चिमावहिनी तेव्हा तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून मागीलदारी गेली ती बराच वेळ आत आली नाही. तेव्हा यापुढे आम्हाला खरं लिहीत जा. आम्ही दोघी काही मेणाच्या नाही.

मी आठवडाभर घरीच आहे. कॉलेजातून रजा काढली. का काढली ते सांगते, पण आधी माझ्या रोपांचं ऐक. गेल्या गणपतीत मी काजूच्या पिशव्या घेऊन आले तेव्हा तू हसला होतास. "वनस्पतिशास्त्र शिकवतेस की नर्सरी काढतेस?" असं म्हणालास. त्या पिशव्यांची सगळी गोष्ट तुला तेव्हा सांगायची राहिली.

सुरुवात आत्मारामकाकांच्या वरकस जमिनीपासून झाली. आपल्या जुन्या झाडांच्या रायीला लागूनचा त्यांचा उतार तुला आठवतो ना, ऐन-किंजळीच्या झाडांनी भरलेला? तो त्यांनी तोडून कोळसेवाल्याला दिला आणि तिथे काजू लावला. पहिल्या वर्षी लावलेला मेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावला, तोही मेला. काका म्हणाले, रोपं नासकी दिली. रोपं देणारे म्हणाले, पाणी घातलं नाही. पण काकींना कळशीने पाणी घालताना मी स्वतः पाहिलं होतं. मधे फक्त एक दगडी गडगा. इकडे रायीत पडलेलं बी कुणी न विचारता रुजतं आणि तिकडे जपून लावलेलं रोप मरतं, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. दोन्हीकडची मुळं धुऊन, रंगवून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

दादा, रायीतल्या मुळांच्या आत बुरशी होती. भाकरीला येते तसली नाही, की पावसात छत्री उघडते ती अळंबीही नाही. कोळ्याच्या धाग्याहून बारीक तंतू असतात. अर्धे मुळाच्या पोटात, अर्धे बाहेर मातीत दूरवर पसरलेले. जिथे मुळाचं बोट पोचत नाही तिथलं पाणी आणि स्फुरद ते झाडाला आणून देतात. झाड पानांत केलेली साखर त्यांना देतं. किती युगं चाललाय हा संसार. आत्मारामकाकांच्या मातीतल्या मुळांत मात्र तंतू जवळजवळ नव्हतेच. वरची सावली गेली, पाचोळा गेला, एप्रिलात ती जांभ्याची माती तव्यासारखी तापली आणि खालचा भागीदार मेला. माझा तर्क असा होता, पण तर्काला कोण विचारतो?

म्हणून कॉलेजच्या गच्चीवर जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून मी पेटी केली, आत ऊन कोंडून माती तापावी म्हणून. निम्म्या पिशव्या पेटीत, निम्म्या नारळाच्या झापांच्या सावलीत पाचोळा घालून. माती रायीतलीच, पाणी सारखंच. आणि काय झालं असेल? थंडीच्या दिवसांत काचेखालची रोपंच जास्त तरारली! त्यांच्या मुळांत तंतूही जास्त. आमचे विभागप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, "नंदाबाई, तुमच्या बुरशीला ऊब मानवते. आता हे प्रकरण मिटवा आणि गच्ची मोकळी करा." सगळे हसले. मीही जे दिसलं तेच लिहून ठेवलं, एक अक्षर फिरवलं नाही. पण पेटी हलवली नाही. त्यांना म्हटलं, अजून उन्हाळा यायचाय, सर. गच्ची हवी असेल तर तावदानं तुम्ही स्वतः उचला. त्यांनी उचलली नाहीत.

उन्हाळा आला. दुपारी काचेखालच्या मातीत बोट खुपसवेना. आधी बाहेरचे तंतू आखडले, मग पानं पिवळी पडली. झाड अडचणीत आलं की साखर कमी देतं, साखर कमी झाली की बुरशी पाणी आणत नाही, आणि दोघं एकमेकांना घेऊन बुडतात. सावलीतली रोपं त्याच उन्हाळ्यात कोमेजली, पण उभी राहिली. थोडी ऊब सोसते, दादा. काही काळ तर चांगलीच वाटते. म्हणूनच माणूस फसतो.

पावसाळ्यात पेपरात आलं की साऱ्या पृथ्वीचंच तापमान चढतंय, कारखान्यांच्या आणि मोटारींच्या धुराने. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, अमेरिकेला ताप आला तर रत्नागिरीने गोधडी का पांघरावी? माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, उद्या तो ताप इथे येईल तेव्हा आपल्या डोंगरावर पानाची सावली नसेल, तर मातीत काही उरणार नाही. धूर मी थांबवू शकत नाही, पण सावली राखू शकते. जे हातात आहे तेही सोडून द्यायचं का?

त्याच पावसात मी आत्मारामकाकांच्या उतारावर काजू लावला. काका गडग्यावर बसून बघत होते. "लाव, लाव. दोनदा मेलाय, तिसऱ्यांदा मरंल." निम्म्या खड्ड्यांत रायीतली ओंजळभर माती आणि वर जाड पाचोळा, निम्म्यांत काहीच नाही. नवरात्रानंतरच्या उन्हात नुसती लावलेली बहुतेक गेली. रायीची माती मिळालेली बहुतेक जगली. काका परवा त्या रोपांभोवती काट्याचं कुंपण घालत होते. मला पाहून म्हणाले, "गुरं शिरतात." मला तेवढं पुरलं.

आपल्या आप्पांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दुपारी घोंगडी टाकून निजायला गार जागा हवी होती, म्हणून त्यांनी राय राखली. पण राखली. त्या मातीतून आज अख्खा डोंगर पुन्हा उभा करता येईल. ती एकदा भाजली, की मग ओंजळभर माती आणायची कुठून?

आता रजेचं कारण. सोमवारी सकाळी ठेकेदार रघू माणसं आणि करवती घेऊन रायीत आला. म्हणाला, सहदेवने शब्द दिलाय, राय साफ करून काजू लावायचाय. वहिनीला तू कळवलं नव्हतंस, मलाही नाही. तुला गिरणी सोडून घरी यायचंय, काजूच्या बागेवर जगायचंय हे मला समजतं, आणि तू यावंस म्हणून मी रोज वाट बघते. बागही करू. खालचा उघडा उतार आपलाच आहे, रायीची माती घालून तिथे काजू लावू, खड्डे मी स्वतः खणेन. पण राय पडणार नाही. आप्पांच्या मागे सातबाऱ्यावर माझंही नाव लागलंय आणि माझा होकार तुला मिळणार नाही. रघूला मी हेच सांगत होते, तो ऐकेना. तेवढ्यात चिमावहिनी कोयता घेऊनच वर आली आणि पहिल्या ऐनाला पाठ लावून उभी राहिली. माणसं परत गेली. पुढच्या सोमवारी पुन्हा येतो म्हणालेत, म्हणून हे पत्र. वहिनीला लिहिता येत नाही. ती शेजारी बसून सांगते आहे, तिच्याच शब्दांत लिहिते: "लिव त्यास्नी, तुमी आजारी आसाल तर गाडीत बसा नि घरी या, मी पेज करून घालीन. पन राय तोडायला येनार आसाल, तर आदी मला तोडा."

तुझीच,
नंदा