मोनालीच्या फायनलसाठी फास्ट कार्ड

३ जानेवारी
मोनालीची कबड्डीची टीम फायनलला पोचली. मॅच १९ तारखेला, धुळ्याला. पोरगी म्हणाली, "पप्पा, या वेळी तरी या." येणारच. कॅमेऱ्यासह. गणपतीतले माझे सगळे फोटो हलले, तो दोष मेमरी कार्डाचा. स्लो होतं. फेकून दिलं.

६ जानेवारी
कुंदनच्या दुकानात सगळ्यात फास्ट कार्ड मागितलं. नालायक म्हणतो, "काका, कॅमेरा जुना आहे. बत्तीस जीबीच्या वरचं कार्ड तो ओळखणारच नाही." कॅमेऱ्याची लायकी काढतो म्हणजे माझीच काढतो. परत त्याची पायरी चढणार नाही.

९ जानेवारी
ऑफिसात दिवसभर यूट्यूब. रीड स्पीड वेगळा, राइट स्पीड वेगळा. अख्ख्या जळगावात हे फक्त मला कळतं. २५६ जीबीचं ऑनलाइन मागवलं. बायकोने किंमत विचारली. सांगितली नाही. आई पुटपुटली, "बठ्ठा दिन त्या डबडामाच जास याना!" म्हणे, माझा सगळा दिवस त्या डबड्यातच जातो. दुर्लक्ष.

१४ जानेवारी
कार्ड आलं. साडू रुपचंद तिळगूळ घेऊन टपकला. म्हणे, "भाऊ, एकदा टाकून तर बघा." मोबाइलवर फोटो काढणारा मला शिकवतो! गोड बोललो नाही. सील धुळ्यालाच फोडणार. असलं कार्ड मेहरूण तलावावरच्या बगळ्यांवर वाया घालवायचं नसतं.

१९ जानेवारी, धुळे
पहिली रांग पकडली. मॅच सुरू. कार्ड टाकलं. स्क्रीनवर 'कार्ड एरर'. काढलं, फुंकलं, शर्टाला पुसलं, टाकलं. एरर. कंपनी चोर. बॅटरी काढून घातली. मेनूत शिरून सगळ्या सेटिंग बदलल्या. आजूबाजूची माणसं सारखी बोंबलत होती, लक्ष लागेना. मान वर न करता ओरडलो, "गप्प बसा जरा!"
तर सगळे नाचायलाच लागले. जिंकलो म्हणे. शेवटच्या रेडमध्ये मोनालीने तिघींना बाद केलं. धापा टाकत माझ्याकडे आली. "पप्पा, पाहिलं ना?"
म्हणालो, कार्ड डिफेक्टिव्ह निघालं.
ती पाणी प्यायला गेली.

२० जानेवारी
कंपनीला तक्रार लिहीत होतो. तेवढ्यात रुपचंदने काल मैदानाच्या पलीकडून मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. मोनाली आडवी झेपावलेली, दोघींनी पाय धरलेले, तिसरी कमरेला, बोटं रेषेच्या पलीकडे. शार्प आलाय साला. मागे पहिली रांग उभी, सगळ्यांचे हात वर. कडेला मी एकटा बसलेला, मान खाली.
मोनालीने तोच स्टेटसला ठेवलाय. मोठा करून पाहिला.
मला कापलंय.