फळ्यांचा आवाज

प्रिय संपतदादा,

फाडण्याआधी अक्षर तरी बघ. मेंढवाड्यात राख पसरून तू जिचं बोट धरून गिरवून घेतलंस, तिनंच तीन कागद वाया घालवून हा चौथा लिहिला आहे. 'ळ' अजून तुझ्यासारखा वळत नाही.

इथे हट्ट्याला सारे बरे आहेत. आईचा खोकला थांबला. काळ्या मेंढीला दोन कोकरं झाली. आबांचा गुडघा मात्र आता वाकतही नाही आणि फार वेळ उभंही राहू देत नाही. वीस वर्षं सर्कशीत पडलो, ते सगळं आता एकदम दुखून राहिलंय, असं म्हणतात आणि स्वतःच हसतात.

तू नांदेडच्या गिरणीत गेल्यापासून तुझं विदूषकाचं लाल नाक मी लावते. हे तुला आईनं कळवलं नसणार. पोरीच्या जातीनं चारचौघांत पडायचं काहून, असं म्हणत तिनं आठ दिवस अबोला धरला, आणि नवव्या दिवशी ढगळ विजारीला नाडी तिनंच घातली. सर्कशीतल्या म्हाताऱ्या विदूषकानं, बेपोसाहेबांनी, आबांना शिकवलेले खेळ मी एकेक करून बसवले: मोडक्या खुर्चीचा, आरशाचा, मधाचा. मधाच्या खेळाला मला चार महिने लागले. पांढऱ्या तोंडाचा शहाणा मधमाशी होऊन येतो, मध मागणाऱ्या लाल नाकाच्या येड्याच्या तोंडावर पाणी उडवतो. मग येडा सूड घ्यायला तोंडात पाणी भरतो आणि हसू येऊन स्वतःच गिळून टाकतो. मी फार नीट गिळायची. आबा म्हणाले, "गिळायचं हाय हे तुला आधीच ठाऊक दिसतं. सूड घ्यायचाच, असं मनापासून ठरव, अन् मग गिळ." त्या दिवसापासून जमलं. दादा, मी भित्री आहे हे तुला माहीत आहे, दाराची कडी तीनदा बघते. पण ते नाक लावलं की मला पडायची भीती वाटत नाही. वसमतच्या बाजारात लोक पोट धरून हसले. मी पोरगी आहे हे कुणाला कळलं नाही. एक म्हातारी तर माझ्या हातावर भाकरी ठेवून म्हणाली, "खा रे लेकरा, तुला घरी कोणी जेवू घालत न्हाई वाटतं."

थप्पड तेवढी आम्ही गाळली. तू गेल्यावर आबांनी ती केलीच नाही. आणि थप्पड नसली की खेळ अळणी होतो, हे तुला मी काय सांगावं.

जवळा बाजारची ती दुपार मी रोज आठवते. सकाळीच तू आबांशी भांडला होतास, दरवेळी मीच काहून मार खायचा, एकदा तरी मला पांढरं तोंड द्या म्हणून. दुपारी तुझे सासरे समोर बसले होते. आबांनी हात फिरवला आणि तो खरोखर तुझ्या गालावर बसला. लोक हसले. सकाळचा राग आबांनी काढला, असं तुला वाटलं. तू नाक काढून फेकलंस आणि दोन वर्षांत परत आला नाहीस.

पडद्यामागे दोन फळ्या घेऊन मी बसले होते. हात निघाला की मी फळ्या वाजवायच्या, आवाज झाला की तू मान वळवायची, आणि हात तुझ्या नाकासमोरून जायचा. त्या दिवशी तुझ्या नाकाचा दोरा सैल झालेला मला दिसला. आता हे पडणार, या काळजीनं मी त्या दोऱ्याकडेच बघत राहिले. फळ्या उशिरा वाजल्या, दादा. तू मान वळवली नाहीस, कारण मी तुला वेळेवर आवाज दिला नाही. नाक पडलंही नाही.

काल हे आबांना सांगितलं. ते विजार शिवत होते. वर न बघता म्हणाले, "व्हय. हात पोचल्यावर आवाज आला, मला तवाच समजलं. पण पोरीचं नाव कसं घ्यावं? बेपोसाहेब म्हणायचा, खेळातली चूक येड्यानं आपल्या अंगावर घ्यायची. त्या दिवशी येडा निघून गेला, मग येडा मीच झालो."

एक सर्कस येत्या बाजाराला कळमनुरीत उतरते आहे. खेळ बघून विदूषकांची एक जोडी कामाला ठेवणार आहेत. नांदेडहून कळमनुरी काही लांब नाही. आबांनी पांढऱ्या रंगाचा डबा धुऊन तुझ्यासाठी ठेवला आहे. मला माफ कर असं लिहून मी तीन कागद फाडले, म्हणून आता एवढंच लिहिते. शहाणा तू हो, येडा मी. सगळ्यांसमोर तू हात उचल, मी मान वळवीन. पडद्यामागे आबा बसतील, फळ्या त्यांच्या हातात असतील.

गाल तयार ठेवून बसलेली,
तुझीच
पंचफुला