आबांचे जोडलेले हात

रविवार, देवपूर, धुळे

आज साडूला घेऊन दोंडाईचाला जाऊन आलो. आबा आमचे जुने शेजारी. त्यांचा मुलगा विजू प्लॉटच्या भांडणात गोळी लागून गेला, त्याची आज गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटल्याचं जेवण होतं.

पंगतीत वरण वाढलं जात होतं आणि आबा हात जोडून पानापानाशी फिरत होते, "सावकाश जेवा" म्हणत. मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. साडूला म्हणालो, तेही चांगल्या मोठ्या आवाजात, "साध्या माणसाला पिस्तुलाचं लायसन्स सहज मिळायला पाहिजे. विजूच्या कमरेला एक असतं, तर आज ही पंगत बसली नसती."

आबा समोरच थांबले. हात तसेच जोडलेले.

"भाऊ, पिस्तूल त्यानंच व्हतं," ते म्हणाले. "झटापटमा त्याना हातमाईन हिसकाई लिधं."

मग पुन्हा तेच, "सावकाश जेवा." आणि ते जोडलेले हात पुढच्या पानाकडे गेले.

पोरगा स्वतःच्याच, हातातून हिसकावलेल्या पिस्तुलानं गेला. कसा गेला, हे मी एकदा तरी विचारलं होतं का? मत मात्र तयार! टपरीवर चहासोबत रोज घोटलेलं. तिथंच उठून ते हात धरायला हवे होते, माफी मागायला हवी होती. मी काय केलं? मान खाली घालून पान स्वच्छ केलं. अन्न टाकू नये म्हणे.

येताना गाडीत साडू म्हणाला, "विजूचं सोडा, पण बाकी तुमचं म्हणणं खरंच आहे."

आणि मी मान डोलावली.