निखिलचा दमलेला पिचर

रविवार संध्याकाळ, शॉमबर्ग, शिकागोजवळ

आज निखिलच्या टीमने मला हरवलं. ऑनलाइन बेसबॉल लीग; दोघांच्या टीम्स शंभर वर्षांपूर्वीच्या, खेळाडू केव्हाच वारलेले. सामना कंप्युटर खेळतो, आपण फक्त टीम लावायची. निखिल माझा रूममेट होता. टेक्ससमधल्या फ्रिस्कोला गेल्यापासून लॉग-इनच करत नाही. त्याचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बोलर, विश्रांतीविना रोज खेळून दमलेला; प्रत्येक सामन्यात मार खायचा. बघवेना. शिवाय टीम लावणारा मॅनेजर गायब असला की लीगवाले ती टीम काढून टाकतात. म्हणून त्याच्या पासवर्डने मीच ती लावतो. पिचरला आठवडाभर विश्रांती दिली, आज त्यानेच मला गुंडाळलं. मग मी इतका खूश का झालो? निखिलला लगेच मेसेज केला, ‘जिंकलास यार!’

आत्ता उत्तर आलं. ‘कशात?’