गर्डरचं कुबड

दि. ३ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. म्हणजे तुझी आई बरी आहे, मला झोप नाही. जिन्यात गुडघा मुरगळला, काठीशिवाय पाऊल टाकवत नाही.

तुझ्या पादचारी पुलाचा गर्डर आला. तू स्वतः आखलेला पहिला पूल, म्हणून बघायला गेलो. टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणला, तर मधोमध दीड बोट कुबड! एवढं शिकून माझ्या पोरीचं नाव वाकड्या लोखंडाला लागणार? मुकादम माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याला म्हटलं, पालथा घाल, कुबड खाली गेलं की चालणाऱ्याला दिसत नाही. उस्ताद म्हणतात म्हणजे बरोबरच, म्हणाला. बोल्टची भोकं उलटीही जुळली. तुझी चूक झाकली आहे, काळजी नसावी.

लोभ आहेच, तो जपून वापर.
बाबा

दि. ९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि चहा नकाशावर सांडला. बाबा, ते कुबड मी मागून घेतलं होतं! स्वतःच्या, फरशीच्या आणि माणसांच्या भाराने गर्डर खाली वाकतोच, म्हणून आधीच तेवढा वर उचलून बनवतात. उलटा ठेवलात तर आणखी लोंबेल. मुकादमांना फोन केला, तर म्हणाले, उस्तादांना विचारून सांगतो. साहेबांना कळलं तर हा पहिला पूल शेवटचा ठरेल.

वीस तारखेला वाळूची पोती रचून चाचणी आहे. त्याआधी फिरवून घ्या. आणि धास्ती घेऊ नका. पोलाद एकदम तुटत नाही, आधी वाकतं, माणसाला पळायला वेळ देतं. आमचा सगळा हिशेब त्याच भरवशावर.

रागावले आहे, तरी लोभ असावा.
ठकू

दि. २१ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं त्याच दिवशी गर्डर फिरवला. चूक माझी, असं मुकादमाला सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगावं लागलं.

काल चाचणी झाली. रस्ता बंद, सगळे दोरीपलीकडे. मी पुलाखाली, दोरा ताणून. मुकादम ओरडून दमला. पोती चढली तसं कुबड उतरत गेलं, नखाएवढं राहिलं आणि तिथेच थांबलं. साहेब तुझं नाव घेत होते, बऱ्या अर्थाने.

घरी आई संतापली. तिला म्हटलं, पोरीनेच लिहिलंय, पळायला वेळ मिळतो. ती बराच वेळ माझ्या काठीकडे बघत होती.

लोभ होता तेवढाच आहे, उतरलेला नाही.
बाबा