ना हरकत पत्रातली एक ओळ

सर, काल आपल्या मैदानावर एक गाडी आली होती. पुण्याकडची कुठली तरी अकादमी आहे, आपल्या पोरांतला एक डावखुरा त्यांना हवा आहे. त्यांनी सात-आठ पानांचा कागद पुढे केला. त्यात चौथ्या पानावर चक्क विम्याचं कलम होतं. खेळताना दुखापत झाली तर दवाखाना क्लबचा, आणि खेळणंच कायमचं बंद झालं तर भरपाईही क्लबची. मी ते कलम पोराच्या बापाला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. बाप कंटाळला. म्हणाला, "एवढं काय वाचायलाव सर? चांगली मान्सं दिसायलेत." मला आता लोक सर म्हणतात, हे ऐकून तुम्ही पोट धरून हसला असता. शाळेचा शिपाई म्हणून रिटायर झालो, तरी मैदानावर उभा राहतो म्हणून सर. मी त्या बापाला म्हणालो, "चांगल्या मान्साचा कागद तर दोनदा वाचावा." वाक्य तुमचंच आहे. ते माझ्या तोंडून निघालं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळी हे लिहायला बसलो आहे.

मी चुडाव्याचा, मेंढरामागचा पोरगा. पूर्णेच्या शाळेत आलो तेव्हा माझ्या पायात पळण्याशिवाय दुसरा गुण नव्हता. तुम्ही खेळाचे मास्तर आणि गावातल्या एकुलत्या एका फुटबॉल क्लबचे सर्वेसर्वा. आपलं मैदान रेल्वे कॉलनीच्या मागे, काळ्या मातीचं. पावसाळ्यात बुटाला शेर शेर चिखल, आणि उन्हाळ्यात अशा भेगा की अख्खा पाय आत जाईल. तुम्ही आम्हाला खेळाआधी घमेली घेऊन इंजिनांच्या शेडवर पाठवायचात. तिथली कोळशाची राख आणून आम्ही भेगा बुजवायचो. पोरं कुरकुरली की तुम्ही डावा पाय ओढत पुढे यायचात आणि पँट गुडघ्यापर्यंत वर करून दाखवायचात. जवानीत हैदराबादच्या मोठ्या संघात खेळलात, गुडघा गेला, आणि संघाने शाल-नारळ देऊन गाडीत बसवून दिलं. "शाल गुडघ्याला गुंडाळली अन् नारळ बायकोनं चटनीत घातला," असं तुम्ही सांगायचात आणि आम्ही हसायचो. तुम्हीही हसायचात. तो हसण्याचा विषय नव्हता, हे कळायला मला माझा गुडघा द्यावा लागला.

ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीची. आज बंद, उद्या मोर्चा, एसटी कधी निघेल याचा नेम नाही. आपल्या संघात दोन्हीकडची पोरं होती आणि घरी प्रत्येकाचे कान भरलेले होते. तुम्ही भाषण केलं नाही. मैदानावर एकच माठ आणि एकच तांब्या ठेवलात, आणि ज्याला त्या तांब्याचं पाणी चालणार नाही त्याने घरून तहान मारून यावं, एवढंच सांगितलंत. दोन पोरं गेली. बाकीचे राहिलो. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात क्लबचं दफ्तर उघडायचं. काकू चुलीपाशी भाकरी थापतायत, तुम्ही पाटावर पाय लांब करून बसला आहात, आणि मी पत्र लिहितो आहे. तुमचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून क्लबची सगळी पत्रं तुम्ही सांगायचात, मी लिहायचो, आणि खाली तुम्ही उजवीकडून डावीकडे जाणारी तुमची उर्दू सही ठोकायचात. छापील कागदाचा गठ्ठा आणि शिक्का माझ्याच पिशवीत असायचा. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या बापानेही टाकला नव्हता. तो मला मेंढरं मोजू द्यायचा नाही.

नांदेडच्या स्पर्धेत हैदराबादच्या एका कारखान्याच्या संघाच्या मॅनेजरने मला पाहिलं. नोकरी देतो, आमच्याकडून खेळ, म्हणाला. नोंदणी बदलायची तर जुन्या क्लबचं ना हरकत पत्र लागायचं, त्याशिवाय नवा क्लब खेळाडूला उतरवू शकत नसे. म्हणजे माझं नशीब तुमच्या सहीत होतं. मला वाटलं तुम्ही पेढे वाटाल. तुम्ही मला घेऊन परभणीला एका विमा एजंटाकडे गेलात. तो बिचारा चहा पाजून समजावत होता, "मास्तर, अपघाताचा विमा हाय. पन पाय तुटून पडला तर पैशे. गुडघा वाकत न्हाई म्हनून न्हाई भेटत." तुम्ही त्याला विचारलंत, "न वाकनारा पाय पाय हाय का काठी?" त्याने आणखी एक चहा मागवला. परतीच्या गाडीतून पूर्णेला उतरताना तुम्ही म्हणालात, "इमा न्हाई तर न्हाई. आपन कागदातच शर्त घालू."

त्या संध्याकाळी तुम्ही सांगितलेली ओळ मला अजून पाठ आहे. 'खेळताना दुखापत होऊन सदर खेळाडू मैदानात उतरण्यास कायमचा असमर्थ झाल्यास त्याची नोकरी कायम राहील, या शर्तीवर आमची हरकत नाही.' मी लेखणी खाली ठेवली. म्हणालो, अशी शर्त बघून ते मला घेतील का? नांदेडचा एक पोरगा तयारच बसला आहे. तुम्ही म्हणालात, "न घेतले तर न घेतले. अरे, बाजारात बैल घेनारा खुरं बघतो, अन् बैल इकनारा घेनाऱ्याचा गोठा बघतो. मी गोठा बघायलोय." आणि मग माझ्या तोंडून ते गेलं. "सर, तुमचं नशीब फुटलं म्हनून माझं आडवायलाव का?" काकूंचा भाकरीवरचा हात थांबला. तुम्ही मला एक मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, "लिही." मी लिहिलं, तुम्ही सही केलीत, काकूंनी मला चटणी-भाकरी वाढली, आणि मी ती मान खाली घालून खाल्ली.

मॅनेजर अजून नांदेडलाच मुक्कामाला होता. त्याला पत्र द्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी चुडाव्याच्या स्टेशनावर मी नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो. गाडी उशिरा होती. ती वेळेवर आली असती तर, असं मी पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे, पण गाडीला दोष देऊन काय उपयोग. पिशवीत कागद होते, शिक्का होता. मी बाकावर बसून तेच पत्र पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवलं, शर्तीची ओळ तेवढी गाळली. शिक्का मारला. उर्दूचं मला अलिफ बे सुद्धा येत नव्हतं, म्हणून तुमची सही मी चित्र काढावं तशी काढली. मूळ पत्र फाडायला हात धजेना. बाकाखाली कुणाची तरी शेळी फिरत होती, तिच्यापुढे ते धरलं. तिने शर्तीसकट खाल्लं.

हैदराबादला मी एक हंगाम चांगला खेळलो. पेपरात नाव आलं तेव्हा तुम्ही ते कात्रण शाळेच्या फळ्यावर लावलं होतं, असं बाप सांगायचा. दुसऱ्या हंगामात एका साध्या सामन्यात पाय रोवला गेला आणि अंग फिरलं. गुडघ्यातून जो आवाज आला तो मला माझ्या कानांनी ऐकू आला. तीन महिने प्लॅस्टर. मग कारखान्याने सांगितलं, तुझी जागा तात्पुरती होती. मला शालही मिळाली नाही. मी चुडाव्याला घरी येऊन पडलो आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही सकाळच्या गाडीने आलात. माझ्या बापाजवळ घोंगडीवर बसलात. बाप रडत होता. तुम्ही त्याच्या मांडीवर थाप मारून म्हणालात, "पाव्हनं, रडायचं न्हाई. आपल्याकडं कागद पक्का हाय. म्या सोडतो का त्यायला?" आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "काढ वही. लिही."

सर, तेव्हा मी बोलायला हवं होतं. तुम्ही सांगत होता आणि मी लिहीत होतो. 'आमच्या पत्रातील शर्तीनुसार', असं तुम्ही तीनदा सांगितलंत आणि तीनही वेळा मी ते वळणदार अक्षरात लिहिलं. बाप कौतुकाने बघत होता. तुम्ही सही केलीत, पत्र स्वतःच्या खिशात घातलंत आणि लंगडत स्टेशनाकडे निघालात. मी तुमच्या पाठीकडे बघत राहिलो.

महिन्याभराने तुम्ही मला मैदानावर बोलावलंत. मी समजून गेलो होतो, आता मुस्काटात बसणार. तुम्ही घमेलं माझ्या हातात दिलंत. म्हणालात, "जाऊ दे ते. कागद कच्चा निघाला. राख घेऊन ये, भेगा लय पडल्यात." बस, एवढंच. त्यानंतर तुम्ही त्या कारखान्याचं नाव कधी काढलं नाही. संस्थेच्या लोकांच्या दारात वर्षभर खेटे घालून मला शाळेत शिपायाची जागा मिळवून दिलीत. त्या नोकरीवर माझं लग्न झालं, पोरं शिकली. नामांतर झालं त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. खांदा देताना माझा गुडघा वाकत नव्हता, लोक म्हणाले तू मागे हो, मी झालो नाही.

मागच्या वर्षी काकू गेल्या. तुमच्या मुलीने ट्रंक रिकामी करताना क्लबची फाईल मला आणून दिली. त्यात कारखान्याचं उत्तर होतं आणि सोबत माझ्या ना हरकत पत्राची झेरॉक्स. कारखान्याने लिहिलं होतं, यात कोणतीही शर्त नाही, खालची सही आपली आहे किंवा नाही ते कळवावे, नसल्यास आम्ही पोलिसांत तक्रार देऊ. झेरॉक्सवर सुद्धा दिसत होतं, तुमची सही उजवीकडे ठसठशीत सुरू होऊन डावीकडे बारीक होत जाते, माझी मराठीसारखी डावीकडून काढलेली, म्हणून डावीकडे ठसठशीत होती. तुम्हाला ते एका नजरेत कळलं असणार. त्याच्या मागे तुमच्या उत्तराची नक्कल टाचलेली होती. ती तुम्ही मला सांगितली नव्हती, स्वतःच्या हाताने लिहिली होती, त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. 'सही माझीच हाय. शर्त लिहायची माझ्याकडून राहून गेली. पोराचा कसूर न्हाई.'

मी ती फाईल मांडीवर घेऊन ढसाढसा रडलो, सर. बायको घाबरली. तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. म्हणालो, मॅनेजरने सांगितलं होतं, ही ओळ काढली तरच घेतो, मी तरी काय करणार? तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, गरिबाला कोण इचारतंय.

हे पत्र मी त्याच फाईलीत, तुमच्या नकलेच्या मागे टाचून ठेवणार आहे. पाठवायचं तरी कुठे. पण टाचण्याआधी एक सांगतो, जे बायकोला सांगितलेलं नाही. मॅनेजरने काहीच काढायला सांगितलं नव्हतं. नांदेडला मी पत्र हातात दिलं, तेव्हा त्याने ते उघडलं देखील नाही. घडी तशीच खिशात टाकली आणि म्हणाला, तुझ्या मास्तरांचा शिक्का आहे ना, मग झालं.